साहेब, किती लिहू?

माझं तोंड वाईट आहे. हे मी वर्षानुवर्षं कौतुकानं सांगत आलो, आणि ऐकणारेही हसून मान डोलवायचे. नारळासारखा माणूस आहे, वरून कडक, आतून गोड, असं कोणीतरी म्हणायचं आणि मला बरं वाटायचं. आतून गोड आहे की नाही हे फोडून बघायची हिंमत कोणी केली नाही. मीही केली नाही.

बोईसरच्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. टाक्यांवर, पाइपांवर दाब, तापमान, पातळी दाखवणारे जे मीटर असतात ते खरं बोलतायत की खोटं, एवढंच बघायचं. पहिल्या नोकरीतला माझा साहेब म्हणजे जमदग्नी. मीटर एक रेघ इकडेतिकडे असला तरी सगळ्या प्लँटसमोर आई-बाप काढायचा. एकदा त्यानं माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला, शिपायाला दिला आणि म्हणाला, "आजपासून हा काम करेल, तू चहा आण." मी आठवडाभर चहा आणला. रडलोसुद्धा, कॅन्टीनच्या मागे, नळ सोडून. पण त्या साहेबानं मला घडवलं, हे मी पुढची वीस-पंचवीस वर्षं सांगत राहिलो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे माझं पेटंट वाक्य होतं.

त्या साहेबाच्या राज्यात लॉगबुक कसं असायचं, हे मात्र मी कुठे सांगत नसे. दर तासाला टाकीवर चढून आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा, असा नियम. पावसात, वाफेत, कधी नुसत्या कंटाळ्यानं एखादा तास चुकायचाच. वहीत मोकळी जागा दिसली की साहेब सोलून काढणार. मग हेल्पर सीनियरकडे बघून विचारायचा, "साहब, कितना लिखूँ?" आमच्यातले मराठी विचारायचे, "किती लिहू?" सीनियर आधीचा आकडा बघून, थोडं कमीजास्त करून, एक आकडा सांगायचा. मीही विचारलंय, पुढे सांगितलंयही. आमच्या लॉगबुकात कधी एक चौकोन रिकामा नसायचा आणि ऑडिटला साहेब ते अभिमानानं उघडून दाखवायचा.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमची वाडी एडवणला. समुद्र अंगणातून दिसतो, पण आम्ही वाडीवाले, नारळ-सुपारी-केळीवाले. पाण्यात घोट्याच्या वर मी कधी गेलेलो नाही. तरी सात-आठ वर्षांपूर्वी डोक्यात किडा शिरला की आपल्या किनाऱ्यासाठी भरती-ओहोटी सांगणारं एक ॲप करावं. गाव निवडलं की आज पाणी कधी चढेल, कधी उतरेल, आणि जिथे लोक खडकावर जातात तिथे परतायची वेळ काय, हे मराठीत दिसायला हवं. बंदराचे छापील तक्ते होते, मला गणित येत होतं, राहायला आम्ही पालघरला, त्या घरात एक जुना लॅपटॉप होता. झालं.

ते मी ओपन सोर्स ठेवलं. म्हणजे सगळा कोड उघडा. कोणीही वाचावा, चूक दाखवावी, दुरुस्ती पाठवावी. दुरुस्ती आत घ्यायची की नाही हे मी ठरवणार. पगार, मानधन कोणालाच नाही. आणि कोणी काय पाठवलं, त्यावर मी काय बोललो, हे सगळं त्या पानावर कायमचं राहणार, जगाला दिसणार. हे शेवटचं मला फार आवडायचं. कंपनीत मला दहा माणसांसमोर तोंड सोडता येत होतं, इथे तर गॅलरीच भरलेली.

माणसं येत गेली. रत्नागिरीकडचा एक जण, डहाणूचा एक, दोन-तीन परदेशात राहणारे. कोणी आपापलं गाव घातलं, कोणी अक्षरं मोठी केली. मी एकेकाला सोलून काढायचो. एकाला लिहिलं, "हे तुम्ही लिहिलंत की कीबोर्डवर मांजर बसली होती?" दुसऱ्याला लिहिलं, "आपण शेती बघावी, जमीन निदान तक्रार करत नाही." मोठमोठ्या प्रकल्पांचे म्होरकेही असंच फाडून खातात, असं ऐकून होतो, त्याचाही आधार होता. माझी वाक्यं लोक स्क्रीनशॉट काढून फिरवायचे. बायको एकदा म्हणाली, "अहो, लोकं फुकट काम करतायत तुमचं, वर तुमच्या शिव्या खातायत. त्यांना काय घरदार नाही?" मी म्हटलं, "शिव्या खातात म्हणून तर नीट करतात." ती म्हणाली, "मी तुमच्या शिव्या ऐकून कधी नीट केलंय का काही?" आणि डाळीला फोडणी द्यायला निघून गेली. मला वाटलं, बायकांना यातलं काय कळतंय.

मग ती आली. आमच्या पालघरजवळच्या माहीमची, मुंबईच्या नव्हे, मच्छीमारांच्या घरातली. वय तिशीच्या आसपास, बोईसरला एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये कामाला. कोड लिहायला मोबाइलवर बघून बघून शिकलेली. तिनं लिहिलं की माहीमच्या खडकासाठी तुमचं ॲप परतायची वेळ उशिरा दाखवतं. खडक कोरडाच असतो, पण खडक आणि किनारा यांच्यामध्ये एक चर आहे, तो पाऊण तास आधी भरतो. माणूस खडकावर कोरडा उभा असतो आणि मागची वाट गेलेली असते.

हे वाचून माझ्यातला साहेब जागा झाला. मी लिहिलं, "पुरावा आणा. हे सॉफ्टवेअर कोळणींच्या गप्पांवर चालत नाही."

लिहिलं खरं. आज ते वाक्य वाचताना कानशिलं गरम होतात. तेव्हा खाली सात-आठ जणांनी हसरे चेहरे टाकले होते.

ती गेली नाही. दोन महिन्यांनी परत आली, वहीच्या पानांचे फोटो घेऊन. रोज चरात पाणी कधी शिरलं याच्या नोंदी, निळ्या शाईत, ओळीनं. मी त्या आकड्यांचा आलेख काढला. आकडे वाचणं हा माझा धंदा. दहा मिनिटांत मला तिची चूक सापडली. दर सातवी नोंद तासाभरानं भलतीकडे उडी मारत होती. तारखा बघितल्या तर प्रत्येक उडी शुक्रवारची.

मी विचारलं, हे काय? तिनं सरळ सांगितलं. ती स्वतः दिवसा कामावर. किनाऱ्यावर असते तिची आई. आईला घड्याळ कळत नाही. पण गावच्या नाक्यावरून कंपन्यांच्या बसेस ठरल्या वेळेला जातात, त्यावर आईचा सगळा दिवस चालतो. फर्स्ट शिफ्टची बस, जनरलची बस, सेकंडची बस. आई संध्याकाळी सांगायची, जनरलची बस गेली, मी जाळ्याचा एवढा एवढा तुकडा शिवला आणि चर भरला. त्यावरून लेक वेळ काढायची. शुक्रवारी आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी, कंपनीची बस नसते. त्या जागी मागाहून एसटी येते. आई तिलाच जनरलची बस धरून बसली. दर शुक्रवारी तासाचा घोळ त्यामुळे झाला होता.

बाकीच्या सहा दिवसांच्या नोंदी सुतासारख्या सरळ होत्या आणि त्या सगळ्या एकच सांगत होत्या, पाऊण तास. मला ते दिसलं होतं. पण मला चूक सापडली होती ना! चूक सापडल्यावर माणूस दुसरं कशाला बघतोय.

मी लिहिलं, "समुद्र शुक्रवारी साप्ताहिक सुट्टीवर असतो, हे आजच कळलं. यापुढे भरती-ओहोटी एसटीच्या कंट्रोलरला विचारून टाकत जाऊ. संपूर्ण नोंद रद्द."

काय हशा झाला होता! परदेशातल्या एकानं ते वाक्य इंग्रजीत करून कुठेकुठे चिकटवलं. आमच्या लोकांत तर म्हणच पडली; कोणाचं काही चुकलं की "आज शुक्रवार का रे?" असं विचारायचे. तिनं एकच ओळ लिहिली, "ठीक हाय सर, नोंद काढून टाकते." त्यानंतर तिचं नाव त्या पानावर कधी आलं नाही. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

पुढची दोन वर्षं पानावर सामसूम. दुरुस्त्या येईनात, तक्रारी येईनात. याचा अर्थ मी काय लावला असेल? की काम आता पक्कं झालंय. पालघरच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं, तिथे मी हेच सांगितलं. पहिल्या साहेबाची गोष्ट सांगितली, स्क्रू-ड्रायव्हरची आणि चहाची, शुक्रवारची सांगितली. पोरं खदाखदा हसली. शेवटी एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, अशानं माणसं सोडून नाही का जात?" मी म्हटलं, "जे जातात ते जायलाच आलेले असतात." टाळ्या पडल्या. ती मुलगी मात्र टाळ्या न वाजवता खाली बसली, एवढं लक्षात राहिलं.

मी टाकीवर न चढता आकडे लिहिलेला माणूस. रिकामा चौकोन न दिसणारी वही म्हणजे काय असतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी माझ्या स्वतःच्या पानावर एकही तक्रार नाही म्हटल्यावर मी छाती फुगवून हिंडत होतो. अक्कल गहाण टाकली की असंच होतं.

आमच्या सेक्शनला एक फिटर आहे, उत्तर प्रदेशातला. पंधरा वर्षं माझ्या हाताखाली. कामाला चोख, बोलायला गरीब; मी ओरडलो की मान खाली घालून "जी साहब" म्हणतो. त्याची बायको बोईसरलाच एका कंपनीत पॅकिंगला उभं राहून काम करायची. साहेबानं ॲप बनवलंय याचा त्याला केवढा अभिमान! गावाकडच्या लोकांनासुद्धा पाठवलं होतं त्यानं, जिथे समुद्र सोडा, धड तळंही नाही.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी तो बायकोला घेऊन माहीमला गेला. सुट्टीला दोघं खेकडे पकडायला खडकावर गेली. शनिवारी तो कामावर आला नाही. सोमवारी कळलं की बायको पाण्यात पडली, पाय मोडला, ऑपरेशन झालं.

मी त्याच्या खोलीवर गेलो, वाडीतली केळी घेऊन. दहा बाय दहाची खोली, बायको पलंगावर, पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बांधलेला. मोडलेल्या हाडाबरोबर खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी पोटरी उभी चिरली होती. कालवाची धार म्हणजे ब्लेडच. मी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "पानी जल्दी आ गया साहब." मी विचारलं, "ॲप नाही बघितलं?" तो चटकन म्हणाला, "देखा था साहब. टाइम हमने ही गलत पढ़ा. आपका ॲप तो एकदम सही था. गलती हमारी है." बायकोनं पलंगावरून त्याच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यानं हातानं थांबवलं, आणि मला चहा विचारला.

चोराच्या मनात चांदणं. मी मुद्दाम विचारलं, पाणी किती लवकर आलं? तो म्हणाला, ठाऊक नाही. घरी येऊन मी त्या शुक्रवारची वेळ काढली, हॉस्पिटलच्या कागदावरची वेळ त्याच्याकडून विचारून घेतली होती, तिथून मागे मोजत गेलो. मग जुनं पान उघडलं. नोंद तिनं मागे घेतली होती, पण निळ्या शाईच्या वहीचे फोटो अजून तिथेच होते, खाली माझं वाक्य, खाली हसरे चेहरे. मी शुक्रवार वगळून आलेख परत काढला. दोन वर्षांपूर्वीच काढायचा होता. सरळ रेष आली, आणि ती माझ्या ॲपच्या पाऊण तास आधीची होती.

पुढच्या रविवारी माहीमला गेलो. घर शोधायला त्रास झाला नाही. अंगणात बोंबील वाळत होते, दारात तिची आई जाळं शिवत बसली होती. मी नाव सांगितलं. आईला ते काही माहीत नव्हतं. तिच्यासाठी मी कोणी पालघरचा माणूस. पाणी दिलं आणि विचारलं, "कोनाकडं आलाव?" मी म्हटलं, खडकावर मागे एक बाई पडली ना, तिच्या घरच्यांकडून आलोय. म्हातारी लगेच सुरू झाली. तिनं हातातलं जाळं टाकलं, हात उंच करून दाखवलं.

"आमी किती बोंबललो इथनं! परता रे, चर भरला! आमच्या बायका सगल्या ओरडतात. तो मेला मानूस हात वर करून मोबाईल दाखवतो. अजून टाइम हाय म्हनं! मोबाईलला काय कळतंय पान्यातलं? मंग शिरलो आमी, चौगी जनी, कमरेपर्यंत. तिला ओढली तवा वाचली."

मोबाईल वर करून दाखवला. म्हणजे टाइम त्यानं बरोबरच वाचला होता. दहा माणसं किनाऱ्यावरून ओरडत असताना तो माझं ॲप वर धरून उभा होता. आणि मला म्हणाला, गलती हमारी है.

तेवढ्यात लेक बाहेर आली. मला ओळखलं तिनं, फोटोवरून असेल. चेहरा बदलला नाही. "या सर," म्हणाली, खुर्ची दिली. मी म्हटलं, "तुमचं बरोबर होतं." ती म्हणाली, "हाय ना. मला ठावं हाय." तिनं मोबाइल काढून दाखवला. माझंच ॲप, पण तिनं कोडची वेगळी प्रत करून त्यात चर घातलेला. गावातल्या बऱ्याच फोनांवर तीच प्रत होती. दोन वर्षं.

माझा आवाज चढला. सवय! "मग मला कळवायला काय झालं होतं? बाहेरून येणाऱ्यांकडे माझीच प्रत असते. एक बाई जाता जाता राहिली!"

म्हातारीनं जाळं परत हातात घेतलं होतं, ती शिवता शिवता थांबली. लेक शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या घरात शिव्यांना काय तोटा हाय? माझा बाप होडीवर असा शिव्या द्यायचा की मासे पन पलायचे. तुमी शिव्या दिल्या असत्या तर मी परत आले असते. तुमी हसवलंत. माझ्या आयेवर हसवलंत, तिला ठावं पन नाय. दोन म्हैने ती रोज चरावर नजर ठेवून बसायची, लेकीच्या कम्प्युटरसाठी." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या बाईचं आयेनं सांगितलं, तवा तुमाला लिवायला बसले होते. चारदा लिवलं, चारदा पुसलं. वाटलं, ह्यात पन काय शुक्रवार निंगला तर?"

मी म्हटलं, मी दुरुस्ती आत घेतो, तुमच्या नावानं. आजच घेतो.

"घ्या. नाव नको."

"का? श्रेय तुमचं आहे."

"माझं नाव दिसलं की लोक वर जाऊन तो जोक परत वाचतात. कामावर पन एकानं विचारलंन मला, ती शुक्रवारवाली तूच काय?" ती उठली, बोंबील उलटे करायला लागली. "चूक झाली सर तुमची, झाली. माझी पन झालेली. तुमच्या चुकीवर कोन हसनार नाय, एवढाच फरक."

खाली बसलेल्या म्हातारीनं लेकीला विचारलं, "कोन गो ह्यो?" लेक म्हणाली, "कोन नाय. पालघरचे साहेब हाएत."

परत येऊन मी दुरुस्ती घातली. मग सगळ्यांना उद्देशून पानावर लिहिलं. आयुष्यात इतक्या वेळा खोडून काही लिहिलं नव्हतं. चूक माझी होती, पुरावा समोर असून मी तो टाकून दिला, त्यामुळे एका बाईचा पाय मोडला. शुक्रवारचं वाक्य मी काढून टाकतो आहे आणि त्याची माफी मागतो. तुमच्या गावात काही चुकतं असेल तर आज सांगा, कसंही सांगा, अर्धवट सांगा, पुराव्याशिवाय सांगा. वरातीमागून घोडं, कळत होतं मला.

संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. "सर, मोठी माणसंच असं कबूल करतात." "सर, डेटा कच्चाच होता, तुमचा काय दोष?" रत्नागिरीच्यानं, ज्याला मी मांजरावरून बोललो होतो, त्यानं लिहिलं, "आमच्याकडे सगळं अचूक आहे सर." आणि एकानं, मला बरं वाटावं म्हणून, लिहिलं, "अपघात शुक्रवारीच झाला ना सर? समुद्र सुट्टीवर असणार." पुढे हसरा चेहरा.

चूक मात्र एकानंही कळवली नाही. आज महिने झाले. किनाऱ्यावरची इतकी गावं त्या ॲपमध्ये आहेत. कुठे कुठे चर आहेत, कुठली वाट कधी बंद होते, मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल ते आपापल्या फोनमध्ये दुरुस्त करून गप्प बसले असतील, किंवा "अचूक आहे सर" म्हणत असतील. ॲप बंद करावं असंही मनात आलं. पण फोनाफोनांत उतरलेलं आता बंद करून बंद होत नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी बोलली नाही. नुसती म्हणाली, "जेवून घ्या." तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

घाबरून माणूस कामाला लागतो का, असं आता मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, लागतो ना, जोरात लागतो. झाकायच्या कामाला. माझा पहिला साहेब मागच्याच वर्षी वारला. शोकसभेत सगळे म्हणाले, त्यांनी आम्हांला घडवलं. मीही म्हणालो.

फिटरच्या बायकोचा पाय वाकडाच जुळला. तासन् तास उभं राहणं आता होत नाही, कंपनीनं तिला परत घेतलं नाही. मी ठरवलं की निदान या एका गोष्टीची खरी नोंद झाली पाहिजे. काय झालं, ॲपवर किती वाजता परतायचं दाखवलं होतं, पाणी प्रत्यक्षात कधी आलं. त्याच्या हातानं, त्याच्या शब्दांत. ती पानावर सगळ्यांत वर लावायची, माझ्या नावानिशी.

जेवणाच्या सुट्टीत त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, खुर्चीवर बसवलं. पंधरा वर्षांत तो त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसला, तेही टोकावर. मी त्याला होईल तितक्या हळू आवाजात सांगितलं की चूक माझ्या ॲपची होती, मला माहीत आहे, त्या म्हाताऱ्या बाईनं मला सगळं सांगितलंय. तुला काही होणार नाही. फक्त जे बघितलंस ते लिही. समोर कोरा कागद ठेवला, माझं पेन दिलं.

त्यानं पेन घेतलं. वर तारीख घातली, शुक्रवारची. मग खाली "ॲप पर टाइम" एवढं लिहिलं आणि थांबला. त्याला ती वेळ आठवत होती. ती वेळ त्यानं हात उंच करून अख्ख्या किनाऱ्याला दाखवली होती. तो कागदाकडे बघत नव्हता. माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, मी कशानं खूश होईन हे तिथे शोधत होता.

"साहब," तो म्हणाला, "कितना लिखूँ?"